पोच कोणी द्यावयाची?

नाताळ जवळ येऊ लागला की आमच्या वाचक-कुटुंबांच्या दारी पुडकी येऊ लागतात. काही मुंबई-नाशिककडे नोकरीस असलेल्या लेकी-मुलांनी धाडलेली, तर काही मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून घरबसल्या मागविलेली. पूर्वी अशी वस्तू खाकी पोशाखातील टपालवाला घेऊन येई. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याच्या थोरल्या मुलीचे लग्न कोठे जमले आहे, हे सर्व गल्लीला ठाऊक असे. आता पाठीशी भली मोठी पिशवी बांधलेला कोणी तरुण मोटारसायकलीवरून येतो, अंगणाबाहेरून हाक मारतो, आणि हाकेला ओ मिळाली नाही तर पुडके ओट्यावर ठेवून पुढच्या दाराकडे निघून जातो. संध्याकाळी घरची माणसे परततात तो ओटा रिकामा. अशा तक्रारी अलीकडे आमच्या कानी येऊ लागल्यामुळे या विषयास आज हात घालावा असे आम्ही ठरविले.

लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे बुऱ्हाणपूरचा राजघाट आहे. तापीच्या पात्रात उतरणाऱ्या त्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना घाटाकडे येणाऱ्या वाटा आणि वाटेच्या कडेची घरे वेगळी वर्णन करून सांगावयास नकोत. बुऱ्हाणपूर २००३ सालापासून मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्हा झाले. पण आपल्या रावेरहून तेथे जाणाऱ्यास आपण परक्या मुलखात आलो असे मुळीच वाटत नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी, हा तेथील अनेक कुटुंबांचा नित्यक्रम. अशा जुन्या वस्तीत ओटा हा घराचा भाग की रस्त्याचा, हे सांगणे कठीण. त्यावर दुपारी शेजारणी बसतात, शाळेतून आलेली मुले दप्तरे टाकतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळतात. त्या कुरडया कधी कोणी पळविल्याचे आम्ही ऐकले नाही. मग त्याच ओट्यावरून पुठ्ठ्याचे एक खोके कसे नाहीसे होते?

विचार करता एक गोष्ट ध्यानी येते. कुरडई उघड्यावर असते. ती कोणाची आणि तिचे मोल काय, हे सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय कावळे हाकण्यासाठी का होईना, घरची एखादी म्हातारी काठी घेऊन दाराशी बसलेली असते. खोक्याचे तसे नाही. ते बंद असते, आत काय आहे हे कोणास दिसत नाही, आणि न दिसणारी वस्तू नेहमीच मौल्यवान वाटते. आणि मुख्य म्हणजे ज्या घटकेला ते ओट्यावर टेकले, त्या घटकेपासून ते देणाऱ्याच्या ताब्यात राहिलेले नसते आणि घेणाऱ्याच्याही ताब्यात आलेले नसते. चोरास हीच घटका लागते.

अमेरिकेत ही चोरी इतकी बोकाळली आहे की अशा चोरांस 'ओसरीवरचे चाचे' अशा अर्थाचे एक नावच तेथे रूढ झाले. टेक्सास राज्याने २०१९ साली टपालाच्या चोरीसाठी वेगळा कडक कायदा केला. तेथे पुडके दाराशी ठेवून निघून जाण्याचा रिवाजच आहे. घरोघरी अंगणे मोठी, माणसे थोडी आणि तीही दिवसभर कामावर. आपल्याकडे रिवाज निराळा होता. वस्तू हातात द्यावयाची, सही घ्यावयाची, जमल्यास घोटभर पाणी प्यावयाचे, हा आपला परिपाठ. २०२० साली करोनाच्या साथीत माणसाने माणसाच्या जवळ येऊ नये असा दंडक पडला, आणि वस्तू दाराबाहेर ठेवून दुरूनच हाक मारणे हे शहाणपणाचे ठरले. साथ ओसरली, सवय मात्र अनेक ठिकाणी मागे राहिली.

हा परिपाठ किती जुना आहे, ते बुऱ्हाणपुराच्याच इतिहासावरून समजते. मोगल अमदानीत सुरत बंदरावर उतरलेला माल आग्र्याकडे जावयाचा तो पुष्कळदा या शहरावरून. वाटेत मुक्कामास सराया असत. बुऱ्हाणपुरातील अकबरी सराईची वास्तू आजही त्या काळाची साक्ष देत उभी आहे. व्हेनिसचा निकोलाओ मनुची १६५६ साली हिंदुस्थानात आला आणि सुरतेहून आग्र्याकडे जाताना बुऱ्हाणपुरावरून गेला. सरायांमध्ये प्रवाशांच्या मालाची राखण कशी होई, याची एक मोठी मार्मिक हकिकत त्याने आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. रात्री सराईचा दरवाजा बंद होई. पहाटे तो उघडण्यापूर्वी पहारेकरी तीन वेळा मोठ्याने हाळी देई, की प्रत्येकाने आपापली चीजवस्तू पाहून घ्यावी. कोणाची एखादी वस्तू गहाळ झाल्याचे आढळले, तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. चोर आतच सापडे, आणि सापडला की त्यास सराईसमोरच फासावर चढवीत. तो शेवटचा भाग आम्हांस अर्थातच मान्य नाही. पण दरवाजा उघडण्यापूर्वी वस्तू पाहावयाची, नंतर नव्हे, यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. दरवाजा एकदा उघडला की मग कोण, केव्हा, काय घेऊन गेले याचा थांग लागत नाही.

इंग्रजी अमदानीत टपालखात्याने हेच तत्त्व कागदावर आणले. रजिस्टर केलेल्या टपालाबरोबर पोच-पावती जाई. घेणारा तिच्यावर सही करी आणि ती पावती पाठविणाऱ्याकडे परत येई. १८७७ साली व्ही.पी.ची पद्धत सुरू झाली. पुस्तके, औषधे, बियाणे व्ही.पी.ने मागविण्याची प्रथा आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस चांगली आठवत असेल. आधी पैसे टपालवाल्याच्या हाती, मग पुडके आपल्या हाती. हल्ली ज्यास 'घरी आल्यावर पैसे' म्हणतात ती त्या व्ही.पी.चीच नात होय. २०२५ साली टपालखात्याने रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये मिळवून टाकली, तेव्हा अनेकांस हळहळ वाटली. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टने पाठविताना दर वस्तूमागे पाच रुपये व त्यावरील कर भरला, तर ती नेमक्या माणसाच्याच हाती देण्याची, किंवा ओटीपी म्हणजे एकवेळचा सांकेतिक आकडा सांगितल्यावरच देण्याची सोय करून मिळते. दूर राहणाऱ्या लेकी-मुलांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की घरी औषधे, चष्मा, कागदपत्रे असे काही धाडताना हे पाच रुपये वाचवू नयेत.

'पोच' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. वस्तू मिळाल्याची कबुली म्हणजे पोच. आणि ज्यास समज नाही त्यास आपण 'याला पोच नाही' असेही म्हणतो. आजवर पोच देत आला तो घेणारा. आता काय झाले आहे पाहा. पुडके आणणारा तरुण आपल्या मोबाइलवर एक खूण करतो आणि आपल्या मोबाइलवर संदेश उमटतो, की तुमची वस्तू पोहोचली. म्हणजे देणाराच घेणाऱ्याच्या वतीने पोच देऊन मोकळा होतो! घेणारा त्या वेळी शेतात असतो, दवाखान्यात असतो, नाहीतर रावेरच्या बाजारात असतो. आमच्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे. ओट्याला कुलूप लावता येत नाही. पण पोच आपल्या हाती ठेवता येते.

ती दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, याची एक हकिकत सांगतो. ती राजघाटाजवळच्या एका घरची आहे. नावे सांगण्याची आवश्यकता नाही. घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. त्यांना मधुमेह आहे. मुलाने पुण्याहून रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि एक लोकरीची शाल धाडली. बाई त्या दिवशी बहिणीच्या गावी गेल्या होत्या. दुपारी वस्तू पोहोचल्याचा संदेश आला. संध्याकाळी येऊन पाहतात तो ओट्यावर काहीच नाही. त्यांच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईचा चौदा वर्षांचा मुलगा रोज सायंकाळी त्यांच्या ओट्यावर दिव्याखाली अभ्यासास बसत असे. घरी दिवा असून जागा नव्हती, म्हणून बाईंनीच त्यास बसावयास सांगितले होते. त्या दिवशी दुपारी तो ओट्याजवळ दिसला होता, असे कोणीतरी म्हणाले. कोण म्हणाले, हे पुढे कोणासच सांगता येईना. बाईंनी त्याला जवळ बोलावून अगदी सौम्यपणे विचारले, "बाळ, तू पाहिलेस का रे?" त्या प्रश्नात आरोप नव्हता असे त्या म्हणतात. पण शेजारचे चार जण भोवती उभे असताना विचारलेल्या अशा प्रश्नात आरोप नाही, असे कसे म्हणावे? मुलगा घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई कामास आली नाही.

अकरा दिवसांनी ते पुडके सापडले. दोन गल्ल्या पलीकडच्या पिठाच्या गिरणीत, गव्हाच्या पोत्यांमागे. दार बंद पाहून त्या मोटारसायकलवाल्या तरुणाने वाटेतल्या गिरणीत विचारले होते. गिरणीवाल्याने भलेपणाने ठेवून घेतले, आणि दळणाच्या गर्दीत तो विसरून गेला. गंमत अशी, की वस्तू पोहोचल्याच्या संदेशाबरोबर एक छायाचित्रही आले होते आणि त्यात पोती स्पष्ट दिसत होती. ते उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही. सगळ्यांनी चोर मात्र पाहिला! चोर सोडून संन्याशाला फाशी असे आपण म्हणतो. येथे तर चोर मुळात नव्हताच. शाल मिळाली, पट्ट्या मिळाल्या. बाई स्वतः त्या घरी जाऊन आल्या, आणि मुलाची आई पुन्हा कामास येऊ लागली. मुलगा मात्र आता अभ्यासास दुसरीकडे बसतो.

म्हणून वस्तू मिळाली नाही की पहिले काम मनुष्य शोधण्याचे नव्हे, वस्तू शोधण्याचे आहे. संदेश नीट वाचावा. त्यासोबत छायाचित्र असल्यास ते मोठे करून पाहावे. ओटा आपलाच आहे का? दाराचा रंग, पायरी, भिंतीवरची खुंटी ओळखीची वाटते का? आजूबाजूची दुकाने, गिरणी, आपल्याच आडनावाचे दुसरे घर, येथे विचारावे. आणणाऱ्याचा नंबर संदेशात किंवा आलेल्या हाकांच्या यादीत असतोच. त्यास त्याच दिवशी गाठावे. तो दिवसाला कितीतरी दारे फिरतो. तिसऱ्या दिवशी त्याला काय आठवणार? आणि बोलताना आवाज चढवू नये. वस्तू हरवल्याचा भुर्दंड त्याच्या तुटपुंज्या कमाईवर पडण्याचा संभव असतो, हे आपण विसरतो. चोर समजून बोललात तर तो फोन ठेवील, आणि त्याच्याजवळची माहितीही त्याच्याबरोबर जाईल.

आता प्रत्यक्ष चोरीपासून बचाव. यात आमचा भर यंत्रांवर नाही. हल्ली दारावर कॅमेरा बसविण्याची टूम निघाली आहे. ज्यांस परवडतो त्यांनी जरूर बसवावा; पण कॅमेरा चोराचा चेहरा दाखवितो, त्याचा हात धरीत नाही. आणि अरुंद गल्लीत तो आपल्या ओट्यापेक्षा समोरच्या घराचा दरवाजाच अधिक न्याहाळतो, ज्यावरून शेजारधर्मात विघ्न आलेले आम्ही पाहिले आहे. देवळाच्या दाराशी असते तशी दानपेटीच्या घाटाची, वरून अरुंद तोंडाची आणि खालून कुलपाची लोखंडी पेटी भिंतीस ठोकून घेतली, तर लहान पुडक्यांचे काम भागते. पण शाल, भांडी, मुलांचे बूट त्या तोंडातून कसे जावेत?

खरा उपाय माणसाचा. ज्या दिवशी वस्तू यावयाची त्या दिवशी घरी कोणी नसेल, तर शेजारच्या एका घरी आधी सांगून ठेवावे आणि आणणाऱ्यास स्पष्ट कळवावे, की अमक्या घरी, अमक्यांच्या हाती द्या, अन्य कोठेही ठेवू नका. ते घर एकच असावे. आज इकडे, उद्या तिकडे असे केले म्हणजे गिरणीची गोष्ट पुन्हा घडते. मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा. १८९० पासून त्यांचे काम चालू आहे. एक डबा वाटेत अनेकांच्या हातांतून जातो, स्थानकाबाहेर पदपथावर उघड्यावर मांडलाही जातो. परंतु कोणत्या घटकेला तो कोणाच्या जबाबदारीत आहे, हे त्यांच्यात ठरलेले असते. झाकणावरच्या खुणा आणि आकडे हीच त्यांची भाषा. खानदेश-गुजरातेकडील अंगडियेही असेच. मोलाचा ऐवज ते स्वतः जवळ बाळगून नेतात आणि ओळखीच्या हातातच देतात. कोणी म्हणेल, ते दिवस गेले, विश्वास तर पानिपतातच गेला. त्यांस आम्ही एवढेच सांगू, की १७६० साली भाऊसाहेब आणि विश्वासराव उत्तरेकडे निघाले ते बुऱ्हाणपुरावरूनच पुढे गेले. निदान या गावापर्यंत तरी विश्वास शाबूत होता!

आमचे बहुसंख्य वाचक खेड्यांत राहतात. त्यांची अडचण थोडी वेगळी आहे. तेथे मोटारसायकलवाला गावात येतच नाही. तो फाट्यावरच्या टपरीवर पुडके ठेवतो आणि फोन करतो, की घेऊन जा. तेव्हा गावाचा ओटा म्हणजे ती टपरी. चहाच्या बाकड्याखाली पाच-सात घरांची पुडकी एकत्र पडलेली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती पाहणारा. एखादे गेले तर टपरीवाल्यास दोष कसा द्यावा? त्याने ती सांभाळण्याचे पत्करले कोठे होते? गावकऱ्यांनी मिळून त्याच्याशी रीतसर बोलून घ्यावे. एक वही ठेवावी. तीत तारीख, नाव आणि नेणाऱ्याची सही. पुडक्यामागे त्यास दोन-पाच रुपये द्यावेत आणि एक कुलपाची पेटी करून द्यावी. हे करताना आपण मोठे उपकार करीत आहोत असा आव आणू नये. वस्तू आपली, जोखीम त्याची. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे गावचे पोस्ट. देशात टपालाच्या दीड लाखांहून अधिक कचेऱ्या आहेत आणि त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ ग्रामीण भागात आहेत. दुकानदारास सरकारी टपालाने पाठविता येत असेल तर तसे सांगावे. दोन दिवस उशीर होईल, पण आणणारा मनुष्य गावाच्या ओळखीचा असेल.

ओटीपीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण येथे मोठी गफलत होते. हा आकडा म्हणजे आपली सही होय. वस्तू हातात आल्यावाचून कोऱ्या कागदावर कोणी सही करील का? तरीही फोनवरून 'काकी, मी कोपऱ्यावर आहे, तेवढा ओटीपी सांगून ठेवा' असे कोणी म्हटले की आपल्या भाबड्या गृहिणी तो सांगून मोकळ्या होतात. पुडके आधी दृष्टीस पडावे, त्यावरचे नाव वाचावे, मग आकडा सांगावा. आणि मागविलेली वस्तू रद्द करावयाची आहे, पत्ता दुरुस्त करावयाचा आहे, अशा सबबीवर कोणी आकडा मागत असेल, तर तो चोर बहुधा ओट्यावरचा नव्हे, बँकेतला आहे असे समजावे. आकड्याच्या संदेशात तो कशासाठी आहे हे लिहिलेले असते. ते घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे. पैसे गेल्याचे ध्यानी येताच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. त्यास विलंब लावू नये.

याचीच दुसरी बाजू म्हणजे न मागविलेले पुडके. घरी आजी एकटी. दारात एक जण येतो, 'तुमच्या नातवाने मागविले आहे, चारशे नव्वद रुपये द्या' म्हणतो. आजी पैसे देते. आत निघते चिंधी. ज्या घरात म्हातारी माणसे दिवसा एकटी असतात, त्या घरी आज काही यावयाचे आहे की नाही, हे सकाळी बाहेर पडण्यापूर्वी त्यांस सांगून जाण्याचा प्रघात पाडावा. सांगितलेले नसेल तर घ्यावयाचे नाही. इतके सोपे ठेवले म्हणजे आजीसही वाद घालीत बसावे लागत नाही. रिकामे खोके उकिरड्यावर टाकताना त्यावरची चिठ्ठी आधी फाडावी. तीवर आपले नाव, पत्ता, फोन असे सगळे छापलेले असते, आणि अनेक लबाडांचा धंदा त्याच चिठ्ठीवर चालतो.

चोर सापडलाच तर? अमेरिकेत मार्क रोबर नावाच्या एका अभियंत्याने २०१८ साली चोरांसाठी सापळ्याचे खोके तयार केले. उघडताच त्यातून चमचमता भुगा उडे आणि दुर्गंध पसरे. कोट्यवधी लोकांनी ते चलच्चित्र पाहून हसून घेतले. पुढे त्यातील काही 'चोर' हे ओळखीपाळखीतून आलेले सोंगाडे निघाले, आणि तो भाग त्यास काढून टाकावा लागला. आमच्या तरुण वाचकांनी असल्या उद्योगांच्या वाटेस जाऊ नये. आपल्या गल्लीत ते खोके कुतूहलाने प्रथम उघडील ते एखादे लहान मूल.

कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या ३०३ व्या कलमाखाली चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. घेतलेले परत केल्यावाचून पापक्षमेस अर्थ नाही, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या आमच्या वाचकांना या तरतुदीत काही नवे वाटणार नाही. पाच हजारांखालील चोरी अदखलपात्र धरली असल्याने पोलीस तिचा तपास आपण होऊन सुरू करू शकत नाहीत. म्हणून ठाण्यावर केवळ नोंद झाली तर रागावून परत येऊ नये, नोंदीची प्रत मागून घ्यावी. दुकानदाराशी भांडताना ती उपयोगी पडते. आणखी एक. चुकून आपल्या घरी आलेले दुसऱ्याचे पुडके 'आपण कोठे चोरले, ते आपोआप आले' म्हणून ठेवून घेणाऱ्यासही कायदा सोडत नाही. ३१४ व्या कलमात अप्रामाणिकपणे परक्याची वस्तू बळकावण्यास किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद, शिवाय दंड, अशी तरतूद आहे.

मोबाइलवरून मागविलेली वस्तू मिळाली नाही तर तक्रार प्रथम विकणाऱ्या कंपनीकडे, लेखी स्वरूपात करावी. २०२० च्या नियमांनुसार तिने तक्रार-अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची आणि महिन्याभरात निवारण करावयाचे, असे बंधन आहे. पाहा, येथेही पोच आलीच! तिकडे दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. वस्तूची किंमत, मागविल्याची तारीख, 'पोहोचली' म्हणून आलेला संदेश आणि छायाचित्र जपून ठेवावे. संतापाच्या भरात ते पुसून टाकणारे आमच्या पाहण्यात आहेत.

शेवटी पत्त्याविषयी. कित्येक पुडकी चोरीस जात नाहीत, ती भलत्याच दारी जातात. 'राजघाट, बुऱ्हाणपूर' एवढ्यावर मोटारसायकलवाल्याने घर कसे ओळखावे? पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृतचे कवीही होते. बुऱ्हाणपूरचा क्रमांक ४५०३३१. त्यातला पहिला चार महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश या सर्वांना सामायिक आहे, ही गोष्ट आम्हांस नेहमीच सुखावते. पण तो क्रमांक पुडके गावापर्यंत आणतो, दारापर्यंत नव्हे. तेव्हा घरमालकाचे पूर्ण नाव, गल्ली, जवळची ठळक खूण, ओटा कोणत्या बाजूस आहे, हे सर्व लिहावे. खूण लिहिताना 'जुन्या पिंपळाजवळ' असे लिहू नये. परक्या मुलाला पिंपळ जुना की नवा ते कळत नाही. आपल्या नंबराखाली शेजारच्या ठरलेल्या घराचा नंबरही द्यावा, मात्र तो देण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे.